एका भाताच्या दोन लेकी

मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेला, की उल्हास नदीच्या काठच्या आमच्या वांगणीकडे लोक रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्याकडे निघतात. नदीतले मासे अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने ओढ्यांत चढतात आणि तिथून भाताच्या खाचरांत शिरतात. याला आपण वलगण म्हणतो. दोन-चार दिवस घरोघर मासे इतके होतात, की शेजाऱ्यांना वाटूनही उरतात. मग एकदम काही नाही. उरलेले मासे टिकवायचे कसे, हा प्रश्न भात पिकवणाऱ्या प्रत्येक मुलखाला पडलेला आहे. आपण उन्हात वाळवायला शिकलो. पण पावसाळ्यात ऊन कुठले? काही मुलखांतल्या शेतकऱ्यांनी वेगळी युक्ती काढली. त्यांनी मासे शिजवलेल्या भातात पुरले. आज मोठ्या शहरांत महागड्या ताटलीतून समोर येणारी 'सुशी' ही त्या युक्तीचीच पणती आहे.

तुम्ही म्हणाल, सुशी म्हणजे जपानी लोकांचा कच्चा मासा. त्याच्याशी आम्हां खेड्यांतल्या माणसांचे काय देणेघेणे? मलाही तसेच वाटत होते. गेल्या हिवाळ्यात एक दिवस पुण्यात घालवला आणि माझा समज बदलला. तो दिवस कसा गेला तेच आज सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी जपानी भाषा शिकला. आता तो चाकणच्या बाजूला एका जपानी कारखान्यात दुभाष्याचे काम करतो. त्याचे वडील, ज्यांना गावात सगळे तात्या म्हणतात, आमच्याच बाजूला भातशेती करतात. मुलाने बोलावले म्हणून तात्या आणि मी कल्याणला जाऊन पुण्याची गाडी धरली.

सकाळी तो आम्हांला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेला. यालाच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही म्हणतात. जपानातल्या ओकायामा शहरी इ. स. १७०० मध्ये पुरे झालेले कोराकुएन नावाचे उद्यान आहे. त्या धर्तीवर हे रचले आहे. पाणी, दगड, छोटे पूल आणि हिरवळ. तात्या पुलावर उभे राहून म्हणाले, "जपानी माणसाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बागेवरून नाही, राबावरून."

तरुण वाचकांना हे सांगायला हवे. ठाणे-कुलाब्याकडे पूर्वी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, म्हणजे राब करायचा, आणि त्यावर भाताचे बी फेकायचे, अशी रीत होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत बोरिवलीच्या कोरा केंद्रात 'जपानी पद्धतीची भातलागवड' करून पाहिली गेली आणि १९५३ पासून देशभर तिची मोहीम निघाली. बी मिठाच्या पाण्यात टाकून पोकळ दाणे वर आले की काढून टाकायचे. गादीवाफ्यावर रोपे करायची. दोरी धरून ओळीने, थोडी थोडी रोपे लावायची. दोन ओळींमधून हातकोळपे फिरवून बेणणी करायची. तात्यांच्या वडिलांनी एका खाचरात हे केले, तेव्हा गाव हसला होता म्हणे. "दोरी धरून भात लावतोय की भिंत बांधतोय, असं विचारायचे. पण मिठाचं पाणी आमच्या घरात राहिलं ते राहिलंच." दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, हे माप तात्यांना आजही पाठ आहे.

दुपारी आम्ही एका लहानशा जपानी खाणावळीत गेलो. आचारी लाकडी फळीमागे उभा राहून समोरच करून देत होता. पहिला घास हातात आला : बोटाएवढी भाताची मूठ, तिच्यावर माशाची पातळ फोड. तात्यांनी फोड बाजूला केली आणि आधी नुसता भात तोंडात टाकला. भात पिकवणारा माणूस दुसरे काय करणार? डोळे मिटून चावले आणि म्हणाले, "आंबटगोड आहे. चिकट आहे, पण गिजगा नाही झालेला."

परीक्षा अचूक होती. जपानी तांदूळ आखूड आणि जाड दाण्याचा असतो. तांदळातल्या पिठूळ भागात, म्हणजे स्टार्चमध्ये, दोन प्रकार असतात. त्यांतला एक जास्त असला की भात मोकळा होतो, दुसरा जास्त असला की दाणे एकमेकांना धरून राहतात. आपल्या कोलमाचा भात फडफडीत होतो, त्याची सुशी वळणार नाही. शिजलेल्या भातात व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर कालवतात. 'सुशी' हे नाव माशाचे नाही. त्या शब्दाचा मूळ अर्थ आंबट असाच आहे. मासा नसलेली, नुसती काकडी घातलेलीही सुशी असते. थोडक्यात, हा पदार्थ भाताचा आहे, मासा त्यावर पाहुणा आहे.

हा आंबटपणा आला कोठून? इथे आपल्याला वलगणीकडे परत यावे लागते. जाणकारांचा कयास असा, की ही युक्ती आग्नेय आशियातल्या, मेकाँग नदीच्या बाजूच्या भातखाचरांच्या मुलखात सुरू झाली आणि भातशेतीबरोबर पसरत जपानात पोचली. मासा साफ करून खारवायचा, शिजवलेल्या भाताच्या थरांत दाबून वर दगड ठेवायचा. भात आंबतो. दह्यात जे जंतू काम करतात त्याच कुळीचे जंतू भातातही आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने मासा महिनोन्‌महिने नासत नाही. खाताना भात टाकून देत, मासा खात. जपानातल्या बिवा सरोवराच्या काठी अजून असा मासा घालतात, त्याला फुनाझुशी म्हणतात. त्यासाठी अंडी भरलेली मादी पसंत करतात आणि ती वर्षभर, कधी अधिकही, भातात मुरते. इ. स. ७१८ च्या सुमारास रचलेल्या जपानी कायद्यात करादाखल द्यायच्या वस्तूंत सुशीचे नाव आहे. ती ही जुनी सुशी.

पुढे लोकांना धीर धरवेना. भात पुरता आंबण्याआधीच मासा आणि भात दोन्ही खाऊ लागले. मग आंबवण्याची वाट न पाहता भातात व्हिनेगर घालू लागले. १८२० च्या पुढेमागे एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हातगाडीवर उभ्याउभ्या खायची मुठीची सुशी आली. हानाया योहेई या आचाऱ्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. आपल्या वडापावासारखे ते कामकऱ्यांचे खाणे होते. आज तिला जी श्रीमंती आली आहे ती फार मागाहूनची.

आता दिवसातला अवघड भाग. मुलाने साकेचे तीन लहान पेले मागवले होते. साके म्हणजे तांदळाचे मद्य. तात्यांनी आपला पेला उचलला आणि फळीवर पालथा घातला. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "माझा धाकटा भाऊ दारूनं गेला. तुम्ही घ्या सर, मी रागावलो नाही. पण हे तांदळाचं होतं कसं, ते मला सांगा."

वाचकहो, मी मद्याचा पुरस्कार करायला बसलेलो नाही. आपल्या खेड्यांतली किती घरे बाटलीने बुडाली हे शिक्षकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पोराची फी का आली नाही, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच असते. साकेत १५-१६ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे बियरच्या सुमारे तिप्पट. परदेशी नाव आणि नाजूक पेला यांनी त्यात काही फरक पडत नाही. पण तात्यांचा प्रश्न ज्ञानाचा होता, आणि त्याचे उत्तर भाताच्या प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावे असे आहे.

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट नावाचा सूक्ष्म जीव ती खातो आणि मद्य तयार करतो. तांदळात मात्र साखर नाही, स्टार्च आहे. तो यीस्टला खाता येत नाही. म्हणून आधी स्टार्चची साखर करावी लागते. हे काम आपल्या लाळेतही होते. वर्गात मुलांना नुसता भाताचा घास दोन मिनिटे चावत ठेवायला सांगा, तो गोडसर लागू लागेल. जपानी लोक हे काम एका बुरशीकडून करून घेतात. तिला कोजी म्हणतात. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीज भुरभुरायचे आणि उबदार खोलीत सुमारे दोन दिवस सांभाळायचे. दाण्यांवर पांढरी लव येते आणि चेस्टनटसारखा, आपल्या ओळखीचे सांगायचे तर भाजलेल्या शिंगाड्यासारखा, वास सुटतो. हे झाले विरजण.

मग यीस्ट वाढवलेल्या थोड्याशा आंबवणात कोजी, वाफवलेला भात आणि पाणी घालायचे, तेही एकदम नाही. चार दिवसांत तीन हप्त्यांनी, दर वेळी आधीपेक्षा जास्त. एकदम घातले तर यीस्ट पातळ पडते आणि नको ते जंतू शिरजोर होतात. त्या एकाच पिंपात बुरशी स्टार्चची साखर करीत असते आणि त्याच वेळी यीस्ट साखरेचे मद्य करीत असते. हे काम परंपरेने हिवाळ्यात चालते, कारण थंडीत आंबवण हळू आणि ताब्यात राहते. तीन-चार आठवड्यांनी ते गाळतात आणि सुमारे साठ-पासष्ट अंश उष्णता देऊन टिकाऊ करतात. ही उष्णता देण्याची रीत जपानात सोळाव्या शतकापासून आहे. लुई पाश्चर त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी जन्मला. कोजीने मद्य करण्याच्या या परंपरेची डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

तात्या लक्ष देऊन ऐकत होते. तांदूळ सडण्याची गोष्ट निघाली तेव्हा ते पुढे सरकले. आपण खातो तो पांढरा तांदूळ सडताना दाण्याचा सुमारे दहावा हिस्सा जातो. साकेसाठी मात्र तीस-चाळीस टक्के दाणा घासून काढतात. 'दाइगिंजो' नावाच्या उंची प्रकाराला निम्मा किंवा त्याहून कमी दाणा उरायला हवा. बाहेरच्या थरांत तेल आणि प्रथिने असतात, त्यांनी चव जड होते. "आणि उरलेलं?" तात्यांनी लगेच विचारले. कोंड्याचे तेल निघते, पिठाचे पापडासारखे कुरकुरीत पदार्थ होतात. साके गाळल्यावर राहणाऱ्या चोथ्यात भाज्या मुरवून लोणचे घालतात. आणि १८०४ मध्ये हांदा गावच्या एका साके करणाऱ्याने त्या चोथ्यापासून व्हिनेगर काढले. ते लालसर व्हिनेगर स्वस्त होते, एदोच्या सुशीवाल्यांनी ते उचलले. म्हणजे आपण त्या दुपारी जो भात खात होतो त्याच्या आंबटपणाचा इतिहास साकेच्या चोथ्यापाशी जातो. दोघी एकाच भाताच्या लेकी. एकीच्या अंगावरचे दुसरीला झालेले.

म्हणूनच त्यांची जोडी जुळते. ती जुळवतात कशी तेही सांगतो, कारण त्यात चवीचे शास्त्र आहे. क्रम हलक्याकडून जडाकडे. पापलेटासारख्या पांढऱ्या, सौम्य मांसाच्या माशाबरोबर थंड, हलक्या सुगंधाची साके. नाहीतर माशाची चव झाकली जाईल. मग सोयाच्या रसात बुडवलेला तांबडा ट्यूना, त्याच्याबरोबर भरीव चवीची, न थंड न गरम. शेवटी मीठ आणि व्हिनेगर लावलेला तेलकट बांगडा, त्याच्याबरोबर कोमट केलेली, सुमारे पंचेचाळीस अंशांची; कोमटपणाने जिभेवरचा तेलाचा थर सुटतो. मध्ये आल्याची आंबट काप खायची, म्हणजे आधीच्या माशाची चव निघून जाते. आणि प्रत्येक पेल्याबरोबर तेवढेच पाणी प्यायचे. मी तिन्ही पेल्यांतून ओठ बुडण्याइतपत चाखले. तेवढ्यानेही फरक कळतो.

यामागे एक साधे कारण आहे. तोक्योच्या इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे काढून दाखवले आणि त्याच्या चवीला 'उमामी' नाव दिले. १९१३ मध्ये त्यांच्या एका शिष्याला वाळवलेल्या माशात तशीच चव देणारे दुसरे द्रव्य सापडले. ही दोन एकत्र आली की चव बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. साकेत पहिले असते, माशात दुसरे. आपल्या आयांना हे ठाऊकच आहे. वांग्याच्या रश्शात मूठभर जवळा किंवा चार सोडे पडले की भाजी कुठल्या कुठे जाते. तिथेही तेच घडते. शिवाय हेही लक्षात घ्या, की पुष्कळ जुने जपानी लोक भाताबरोबर साके घेतच नाहीत. भातावर पुन्हा भात कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते सुशीबरोबर गरम हिरवा चहा घेतात. तात्यांनीही तोच घेतला आणि त्यांची जोडी आमच्यापेक्षा कमी जुळली असे मला दिसले नाही.

शिक्षकांसाठी एक सावधगिरीची सूचना. हे वाचून कोणी वलगणीचा मासा कच्चा खाऊन पाहू नये. नदी-ओढ्यांतल्या माशांत कृमी असतात, त्यांतले काही माणसाच्या यकृतात घर करतात. सुशीचा समुद्री मासासुद्धा कृमी मारण्यासाठी उणे वीस अंशांवर सात दिवस किंवा त्याहून जास्त थंडीत गोठवतात. घरच्या फ्रीजच्या भरवशावर हे होत नाही, आणि व्हिनेगर किंवा लिंबू पिळून कृमी मरत नाहीत. आपला मासा शिजवूनच खावा. वलगणीला चढणारी मादी अंडी घालायला निघालेली असते, हेही मुलांना सांगावे. सगळीच धरली तर पुढच्या वर्षी चढणार कोण?

संध्याकाळी परतताना मुलाने वडिलांना शेवटची गोष्ट सांगितली. साकेचा तांदूळ वेगळा असतो. ओकायामाचा 'ओमाची' नावाचा वाण दीडशे वर्षांहून जुना आहे. दाणा मोठा, आणि त्याच्या पोटात पांढरा, भुसभुशीत ठिपका. कोजीची मुळे त्यात खोल जातात. तात्या थांबले. "पांढऱ्या पोटाचा दाणा? आमचा व्यापारी तर त्यालाच नावं ठेवून भाव पाडतो." मुलगा म्हणाला, "बाबा, तिथे त्याला जास्त भाव देतात. बाटलीवर वाणाचं नाव छापतात."

गाडीत तात्या बराच वेळ गप्प होते. बदलापूर गेले, वांगणी जवळ आली. खिडकीबाहेर जिथे खाचरे होती तिथे इमारतींचे दिवे दिसत होते. मग ते म्हणाले, "सर, आमचा भात गिरणीत जातो तेव्हा त्याचं नाव बांधावरच राहतं. गोणीत जातो तो नुसता तांदूळ. ज्याला नाव नाही त्याला भाव कोण देणार? आणि भाव नाही म्हणून पोरं जमीन काढतात."

मला यावर विद्वत्तेचे उत्तर सुचले नाही, पण दोन उदाहरणे सांगता आली. आजऱ्याचा घनसाळ आणि वाड्याचा कोलम यांना आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्यांचे नाव कायद्याने त्यांच्या मुलखाशी बांधले गेले आहे. आणि आपल्या शेजारी कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेले 'कर्जत' नावाचे वाण आपल्याच शेतांत उभे असतात. चौकशी करणाऱ्याला तिथले दार बंद नाही.

शिक्षकमित्रांनो, येत्या पावसाळ्यात एक काम करून पाहा. मुलांना एक वही करायला सांगा. आजोबा-आजीला विचारून गावात पूर्वी पिकणारे आणि आज पिकणारे भाताचे वाण लिहायचे. कोणता पेजेला चांगला, कोणता भाकरीला, कोणता पोह्यांना, कोणाचा भात आंबोळीला फुलतो. त्यासाठी पैसा लागत नाही. जपानी माणसाने भाताची सुशी केली आणि साके केली, कारण त्याने आपला दाणा फार बारकाईने पाहिला. तेवढे पाहणे आपल्यालाही येते. तात्यांनी पहिल्या घासालाच ते दाखवून दिले होते.

या हंगामात तात्या भात भरडायला गेले, तेव्हा प्रत्येक गोणीवर त्यांनी रंगाने वाणाचे नाव लिहिले. गिरणीवाला हसला. तात्या म्हणाले, "हसू दे. बापाच्या दोरीलाही हसले होते."